सहा पौंडांच्या बाटलीत वाइन किती?

ब्रिटनमध्ये वाइन किराणा मालासोबतच घेतली जाते. आठवड्याच्या खरेदीची ढकलगाडी दूध, अंडी, पाव, कांदे-बटाटे घेत पुढे सरकते आणि वाइनच्या रांगेत येऊन थबकते. समोर शेकडो बाटल्या, दहा-बारा देश, पाच-सहा पौंडांपासून वीस पौंडांपर्यंतच्या किमती, आणि विचारायला कोणी नाही. मग कुणी ओळखीचं नाव उचलतं, कुणी सवलतीची चिठ्ठी बघतं, तर कुणी सगळ्यांत स्वस्त बाटलीच्या एक पायरी वरची घेतं. घरच्या जेवणाबरोबर सहज उघडता येईल अशी चांगली वाइन रास्त दामात कशी निवडायची, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्यात करव्यवस्था येते, शेती येते, जहाजवाहतूक येते, माणसाच्या जिभेची मर्यादा येते आणि दुकानदारीच्या खुब्याही येतात. हा प्रश्न समजून घ्यायला ब्रिटनइतका चांगला नमुना नाही. तिथं वाइन पिकते थोडी आणि प्यायली जाते भरपूर. त्यामुळे वाइन करणाऱ्या प्रत्येक देशाला तिथल्या फळीवर जागा हवी असते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात पेटला होता. त्याकडेही शेवटी वळायचं आहे.

फळीवर वाइन आली कशी

ब्रिटनमधल्या सामान्य माणसाची वाइनशी ओळख सुपरमार्केटांनी करून दिली. १९६१ च्या परवाना कायद्यानं दारूविक्रीच्या वेळा दुकानांच्या नेहमीच्या वेळांशी जुळल्या. १९६४ च्या कायद्यानं उत्पादक सांगेल त्याच किमतीला माल विकण्याचं बंधन बहुतेक वस्तूंवरून उठलं. मोठ्या दुकानांना घाऊक खरेदी करून भाव पाडण्याची मोकळीक मिळाली. आधी गोडसर जर्मन लीबफ्राउमिल्शचे दिवस आले, ऐंशीच्या दशकात बल्गेरियाच्या स्वस्त काबर्ने सोव्हिन्योंनं बाजार धरला आणि नव्वदीत ऑस्ट्रेलिया घरोघरी पोचली. वर्तमानपत्रांनीही सूर बदलला. 'गार्डियन'मध्ये १९८९ साली माल्कम ग्लक यांचं 'सुपरप्लाँक' हे सदर सुरू झालं. सुपरमार्केटमधल्या वाइनची चव आणि किंमत एकत्र मोजून ते वीसपैकी गुण देत. उंची तळघरांऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली समीक्षेला पात्र ठरली, ही त्या काळातली महत्त्वाची घटना होती.

याची दुसरी बाजूही आहे. गल्लीबोळांतली वाइनची साखळी दुकानं या स्पर्धेत टिकली नाहीत. थ्रेशर आणि व्हिक्टोरिया वाइन चालवणारी कंपनी ऑक्टोबर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०११ मध्ये ऑडबिन्सवरही तीच वेळ आली. त्या दुकानांबरोबर "आज घरी मासे आहेत, काय नेऊ?" या प्रश्नाला उत्तर देणारा माणूसही गेला. त्याची जागा आज ग्राहकाला स्वतःच भरून काढावी लागते. ती भरून काढायची सुरुवात हिशेबापासून करावी.

आधी हिशेब

ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून दारूवरचं उत्पादन शुल्क अल्कोहोलच्या प्रमाणावर बसतं. वाइनसाठी दिलेली तात्पुरती सूट १ फेब्रुवारी २०२५ ला संपली. तेव्हा लागू झालेल्या दरानं १२.५ टक्के अल्कोहोल असलेल्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर २ पौंड ७७ पेन्स शुल्क बसलं. बाटली सहा पौंडांची असो वा साठ पौंडांची, ही रक्कम तेवढीच. शिवाय २० टक्के व्हॅट आहेच, म्हणजे छापील किमतीचा सहावा हिस्सा.

आता बाटली सहा पौंडांची धरा. एक पौंड व्हॅट आणि २.७७ शुल्क गेलं की उरतात २ पौंड २३ पेन्स. त्यातून काच, बूच, लेबल, खोका, जहाज, गोदाम, दुकानाचा नफा हे सगळं भागवायचं, आणि मग जे शिल्लक राहील ते द्राक्षांचं. आठ पौंडांच्या बाटलीत कर वजा जाता ३.९० उरतात आणि दहा पौंडांच्या बाटलीत ५.५६. ग्राहकानं सहाऐवजी दहा पौंड दिले, म्हणजे दोन तृतीयांश जास्त. पण करानंतर उरलेली रक्कम अडीच पट झाली, आणि काच, भाडं यांचा खर्च त्या पटीत वाढत नसल्यानं प्रत्यक्ष वाइनचा वाटा त्याहूनही अधिक वाढला. सर्वांत स्वस्त बाटली घेणारा ग्राहक मुख्यतः कर आणि वाहतूक विकत घेतो. वीस पौंडांच्या पुढे वाढीव किमतीत द्राक्षांइतकंच नावलौकिक आणि दुर्मिळतेचं मोल असतं. म्हणून रोजच्या वाइनसाठी साधारण आठ ते बारा पौंडांचा पट्टा सर्वांत फायद्याचा. या पट्ट्यात वाढवलेला एकेक पौंड बराचसा ग्लासात उतरतो.

या करपद्धतीचा परिणाम चवीवरही झाला आहे. याच दरानं ११ टक्क्यांच्या बाटलीवर २.४४ पौंड शुल्क बसलं आणि १४.५ टक्क्यांच्या बाटलीवर ३.२१. त्यामुळे कित्येक मोठ्या ब्रँडांनी अल्कोहोल गुपचूप कमी केलं. द्राक्षं जिथं मुळातच कमी साखरेवर तोडली जातात, तिथली हलकी वाइन उत्तम असते. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्दे हे त्याचं चांगलं उदाहरण. पण उष्ण प्रदेशातली भरदार वाइन केवळ करापायी पातळ केली, तर ती चवीला पोकळ लागते. म्हणून ओळखीच्या बाटलीवरचा टक्क्यांचा आकडाही दर वर्षी पाहायला हवा.

किंमत बघून चव कळते का

कळत नाही, असंच संशोधन सांगतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नाव आणि किंमत झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चवचाचण्यांची छाननी झाली. सर्वसाधारण लोकांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. प्रशिक्षण घेतलेल्यांचा कल मात्र थोडा महाग वाइनकडे दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वदची म्हणून. नव्वदची म्हणून दिलेली त्यांना जास्त आवडली, आणि आनंदाशी संबंधित मेंदूच्या भागात तशी हालचालही दिसली. किंमत आपल्या अपेक्षेवर काम करते आणि अपेक्षा चवीवर.

पदकांचं काय? बाटलीवरचं सोनेरी वर्तुळ पाहून हात पुढे जातो. कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन वेगवेगळे नमुने म्हणून तीनदा दिली. साधारण दहातल्या एकाच परीक्षकाचे गुण सातत्यानं एका पदकाच्या टप्प्यात राहिले. पदक निरुपयोगी नाही, कारण निदान सदोष वाइन तिथं गाळली जाते. पण सुवर्ण आणि रौप्य यांतल्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आठ-दहा पौंडांपर्यंत जास्त पैसे दिले तर त्यातले जास्त पैसे वाइनवर खर्च झालेले असण्याची शक्यता वाढते. मात्र ती वाइन आपल्याला आवडेलच, याची हमी किंमत देत नाही. म्हणून किमतीचा पट्टा ठरला की बाकीची निवड दुसऱ्या खुणांवर करावी लागते.

लेबलाची मागची बाजू

पहिली खूण म्हणजे दुकानाचा स्वतःचा ब्रँड. टेस्कोचा फाइनेस्ट, सेन्सबरीजचा टेस्ट द डिफरन्स, मॉरिसन्सचा द बेस्ट, को-ऑपचा इररेझिस्टिबल, आल्डीचा स्पेशली सिलेक्टेड या मालिकांकडे पूर्वी कमी दर्जाचा माल म्हणून पाहिलं जाई. आज रोजच्या वाइनमधली बरीच चांगली खरेदी इथंच होते. कारण सरळ आहे. जाहिरातीचा खर्च नाही, मधला आयातदार नाही, आणि खरेदी एवढी मोठी की नामवंत उत्पादकही दुकानाच्या लेबलाखाली आपली वाइन द्यायला तयार होतो. मार्क्स अँड स्पेन्सरची फाउंड आणि वेट्रोजची लव्ह्ड अँड फाउंड या मालिका मुद्दाम अपरिचित जातींची द्राक्षं आणि दुर्लक्षित प्रदेश समोर आणतात. ज्याला नवी चव शोधायची आहे त्यानं सुरुवात तिथून करावी.

दुसरी खूण शोधायला बाटली उलटी फिरवावी लागते. समोरच्या लेबलावर टेकड्या, वाडा, कुण्या काल्पनिक खानदानाचं नाव. मागे, तळाशी, बारीक अक्षरांत खरी माहिती. ब्रिटनमध्ये भरलेल्या बाटलीवर अनेकदा भरणाऱ्या कंपनीचं नाव नसतं, फक्त डब्ल्यू अक्षरानं सुरू होणारा क्रमांक आणि पिनकोड असतो. पिनकोड बीएस ११ असेल तर ती बाटली ब्रिस्टलजवळच्या ॲव्हनमथला भरली गेली. वाइन ऑस्ट्रेलिया किंवा चिलीहून आली ती सुमारे २४,००० लिटरच्या भल्यामोठ्या लवचीक पिशवीत, एका कंटेनरमधून. यात कमीपणा काही नाही. काचेचं वजन समुद्रापार न्यावं लागत नाही, खर्च आणि इंधन वाचतं, आणि ताजी प्यायची वाइन अशी आणली तर चवीत खोट येत नाही. फक्त त्याच वाइनवर 'आमच्या घराण्याच्या मळ्यातून' अशी जाहिरात असेल तर पिनकोड त्या दाव्याची तपासणी करून देतो. याउलट फ्रेंच बाटलीवर 'मीझां बुतेय ओ शातो' असं लिहिलेलं असेल, तर द्राक्षं पिकवणाऱ्यानंच ती भरलेली असते.

तिसरी खूण सहकाराची. दक्षिण फ्रान्स, स्पेन, इटली, पोर्तुगाल इथली पुष्कळ वाइन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था करतात. आपल्याकडे उसाच्या गाड्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागतात, तशाच तिथं तोडणीच्या दिवसांत द्राक्षांच्या ट्रॉल्या संस्थेच्या दारात उभ्या राहतात. शाब्लीतली ला शाब्लिझिएन ही अशीच संस्था, १९२३ मध्ये स्थापन झालेली. काही सहकारी संस्था ढिसाळ आहेत, पण ज्या शिस्तीनं चालतात त्यांची बाटली खासगी मळ्याच्या बाटलीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

नाव कमी, माल चांगला

रोजच्या वाइनचं मोल ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रदेशाची कीर्ती. बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन, सांसेर, बारोलो या नावांना जमिनीचा भाव चिकटलेला आहे. तिथली स्वस्त बाटली म्हणजे बहुधा त्या प्रदेशातल्या सामान्य मळ्यातला उरलेला माल. तेवढ्याच पैशांत कमी प्रसिद्ध प्रदेशाची उत्तम बाटली येते.

रेड वाइनमध्ये स्पेनच्या काम्पो दे बोर्हा आणि कालातायुद इथल्या जुन्या वेलींची गार्नाचा, हुमियाची मोनास्त्रेल, पोर्तुगालच्या आलेंतेजो आणि दोरो खोऱ्यातल्या मिश्र वाइन, इटलीची मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो आणि सिसिलीची नेरो दाव्होला ही भरवशाची नावं. पिनो न्वार हे द्राक्ष बर्गंडीत खिसा रिकामा करतं, रुमानियाचं मात्र आठ-नऊ पौंडांतही बरं मिळतं. व्हाइटमध्ये सांसेरऐवजी गास्कोनी किंवा स्पेनच्या रुएदाची ताजी वाइन, मासळीबरोबर फ्रान्सची पिकपूल दे पिने किंवा मस्काडे, आणि सर्वांत मोलाची दक्षिण आफ्रिकेची चेनिन ब्लां. तिथं या द्राक्षाच्या जुन्या वेली भरपूर आहेत आणि वाइनला आंबटपणा, भरदारपणा दोन्ही असतात. बुडबुड्यांची वाइन हवी असेल तर शॅम्पेनच्याच पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली फ्रान्सची क्रेमां किंवा स्पेनची काव्हा घ्यावी. तिची किंमत बरीच कमी असते. आणि एका वाइनकडे फार अन्यायानं दुर्लक्ष होतं, ती म्हणजे ड्राय शेरी. फिनो किंवा मान्सानिया वर्षानुवर्षं पिंपांत जपलेली असते, तरी साध्या टेबल वाइनच्या भावात मिळते. ती ताजी आणि गारच प्यावी.

परदेशातल्या मराठी घरांना एक सूचना उपयोगी पडेल. मिरचीच्या तिखटाबरोबर जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिन, म्हणजे तुरटपणा असलेली रेड वाइन जिभेची आग वाढवते, म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर १४.५ टक्क्यांची जड शिराझ जुळत नाही. किंचित गोडसर रीसलिंग किंवा चेनिन ब्लां तिखटाला सांभाळून घेते. तळलेल्या सुरमईबरोबर मस्काडे उत्तम, आणि मटण सुकं असेल तर तरुण, रसाळ गार्नाचा किंचित गार करून द्यावी.

सवलती आणि साठवण

सवलतींकडे सावधपणे पाहावं, पण संशयानं नव्हे. टेस्कोचं क्लबकार्ड, सेन्सबरीजचं नेक्टर अशा योजनांतल्या सदस्य-किमती फसव्या असतात का, याची चौकशी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं केली. नोव्हेंबर २०२४ च्या निष्कर्षानुसार सुमारे ५०,००० वस्तूंपैकी ९२ टक्क्यांवरची सवलत नेहमीच्या किमतीच्या तुलनेत खरी होती. तरीही त्याच चौकशीचा सल्ला असा की सदस्य-किंमत ही सर्वांत कमी किंमत असेलच असं नाही, इतर दुकानांतही बघावं. वाइनमध्ये तर एखादा खास त्या दुकानासाठी केलेला ब्रँड वर्षभर 'दहाऐवजी सात' असाच दिसत असेल, तर त्याची खरी किंमत सातच समजावी. स्कॉटलंड सोडला तर सहा बाटल्यांवरची २५ टक्के सूट हीच उत्तम संधी, कारण ती बहुतेक सगळ्या फळीला लागू होते. आपण एरवी घेणार होतो त्याच बाटल्या तेव्हा घ्याव्यात.

साठवणीच्या बाबतीत तीन गोष्टी पुरेत. व्हाइट आणि रोझे शक्यतो ताज्या तोडणीच्या घ्याव्यात. दक्षिण गोलार्धात तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणून तिथली नवी वाइन त्याच वर्षाअखेर फळीवर येते. पारदर्शक काचेची बाटली दुकानातल्या दिव्यांखाली बिघडू शकते, तेव्हा ती मागच्या रांगेतून काढावी. फिरकीचं झाकण हलक्या मालाचं लक्षण नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या उत्पादकांनी २००० साली आपली उत्तम रीसलिंग फिरकीच्या झाकणात आणली ती बुचाचा कुबट वास टाळण्यासाठी. जड बाटलीबद्दलही तेच. तिच्या वजनाचे पैसे काचेत जातात. एका वेळी एकच ग्लास घेणाऱ्यांसाठी खोक्यातली वाइन हा फार चांगला पर्याय आहे. पिशवीत हवा शिरत नसल्यानं उघडल्यावरही ती चार-सहा आठवडे टिकते.

'रोजची' म्हणजे रोज प्यायची असा अर्थ कुणी घेऊ नये. ब्रिटनच्या आरोग्य खात्याची मर्यादा आठवड्याला १४ युनिटची आहे आणि १२.५ टक्क्यांच्या एका बाटलीत ९.४ युनिट असतात. म्हणजे दीड बाटलीत एका माणसाचा आठवडा संपतो. कमी प्या आणि चांगली प्या, हा सल्ला आरोग्याच्या आणि हिशेबाच्या दोन्ही बाजूंनी खरा ठरतो.

महाराष्ट्रातला अर्धा राहिलेला वाद

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाइन विकायला मान्यता दिली. सरकारचं म्हणणं, यानं द्राक्ष उत्पादकांना आणि लहान वायनरींना बाजार मिळेल. विरोधकांचं म्हणणं, यानं दारू किराणा मालात मिसळेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. व्यसनानं मोडलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांची भीती खोटी नाही, आणि २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिक, दिंडोरी, अकलूज इथं उभ्या राहिलेल्या उद्योगाची अडचणही खोटी नाही.

चर्चेत स्कॉटलंडचा अनुभव यायला हवा होता. तिथं सुपरमार्केटमध्ये वाइन मिळते, पण दुकानात ती एका ठरावीक जागीच मांडावी लागते, विक्री सकाळी दहा ते रात्री दहा एवढीच होते आणि जास्त बाटल्यांवर सवलत द्यायला ऑक्टोबर २०११ पासून बंदी आहे. मे २०१८ पासून प्रत्येक युनिटला किमान किंमत आहे, सप्टेंबर २०२४ पासून ती ६५ पेन्स. त्यामुळे १२.५ टक्क्यांची बाटली ६ पौंड ९ पेन्सच्या खाली विकताच येत नाही. म्हणजे फळीवर वाइन ठेवणं आणि ती स्वस्त होऊ न देणं, ही दोन्ही कामं एकत्र करता येतात. 'विकू द्या' आणि 'विकू नका' यांच्या मधे एवढी जागा आहे, आणि आपल्या वादात ती फारशी चाचपली गेली नाही.

गोव्यात सुपरमार्केटमध्ये वाइन मिळते, तर महाराष्ट्रात अजून दारूच्या दुकानातच जावं लागतं. दोन्हीकडे ब्रिटनचाच हिशेब लावून पाहावा. परदेशी वाइनवर एकूण आयात शुल्क १५० टक्के. ऑस्ट्रेलियासाठी २०२२ च्या अखेरीस लागू झालेल्या करारानं ते काही किमतींच्या वर कमी झालं, स्वस्त बाटल्यांवर नाही. म्हणून इथल्या फळीवरची साधी परदेशी बाटली हा बहुतेक वेळा वाईट सौदा. तिच्या किमतीत कर मोठा आणि वाइन छोटी. त्याच पैशांत नाशिकची वाइन घेतली तर वाइनचा वाटा कितीतरी जास्त येतो. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, या चक्रामुळे इथली चेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां उन्हाळा-पावसाळ्यात अगदी ताजी हाती येऊ शकते. तेव्हा तोडणीचं वर्ष बघावं आणि मे महिन्यात बाटल्या उन्हातल्या काचेमागे मांडणाऱ्या दुकानातून घेऊ नये. उकाड्यानं वाइन मरते, मग ती कितीही चांगली असो.

एवढ्या आढाव्यातून एक सूत्र हाती येतं. रोजच्या वाइनचं मोल किमतीत, पदकात किंवा प्रदेशाच्या नावात सापडत नाही. कर, काच, भाडं आणि प्रसिद्धी वजा केल्यावर द्राक्षांच्या वाट्याला काय उरतं, त्यात ते सापडतं. सर्वांत स्वस्त बाटली सोडून दोन पायऱ्या वर चढा, नावाजलेल्या प्रदेशाच्या शेजारचा प्रदेश निवडा, लेबलाची मागची बाजू वाचा आणि ताजा माल घ्या. ग्राहकांनी असं निवडायला सुरुवात केली की फळीवर चांगली द्राक्षं पिकवणाऱ्याला जागा मिळते, मग तो शेतकरी आलेंतेजोचा असो की दिंडोरीचा.